एक वही, अनेक हात

वही एक असावी की माणसागणिक एक असावी, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे ज्या मराठी घराण्यांचे पूर्वज कारभाराच्या निमित्ताने येऊन स्थिरावले, त्यांच्या माळ्यावरील पेट्यांतून आजही कापडात बांधलेल्या किर्दी निघतात. घरात तीन भाऊ, तीन बिऱ्हाडे असली तरी घराची किर्द एकच असे आणि ती वडीलधाऱ्यांच्या बैठकीजवळ असे. धाकट्याने बाजारातून काही आणले तरी त्याची नोंद तेथेच व्हावयाची. ज्या घरात दुसरी वही निघाली, त्या घरात वाटणीची बोलणी दूर नाहीत असे जुनी माणसे समजत. उलट धोब्याचा हिशेब, मुलींच्या हातखर्चाचे टिपण किंवा सासुरवाशिणीचे खासगी पत्र या गोष्टी त्या किर्दीत कोणी लिहीत नसे. कोणती नोंद सामाईक आणि कोणती ज्याची त्याची, याचा विवेक त्या काळच्या कारभाऱ्याच्या अंगवळणी पडलेला होता.

आज हाच विवेक संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींकडे मागितला जात आहे. आपल्या ओळखीच्या दहा घरांपैकी एखाद्या तरी घरातील तरुण या व्यवसायात आहे, आणि त्यांपैकी पुष्कळांचा संबंध जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेशी येतो. जेवणाच्या पानावर 'क्लास', 'इन्स्टन्स', 'मॉड्यूल' हे शब्द कानांवर पडतात आणि वडील मंडळी आमटीकडे लक्ष वळवतात. वस्तुतः या शब्दांमागील विषय त्यांच्याच परिचयाचा आहे. अनेक कप्प्यांत विभागलेल्या आज्ञावलीत एकच सामाईक वस्तू सर्वांना कशी मिळावी, ती एकच कशी राहावी, आणि कोठे ती एक असणे घातक ठरते, एवढाच तो विषय. या महिन्याच्या स्तंभात त्याची ओळख करून देण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम 'क्लास' हा शब्द. शिक्षकाला तो ऐकताच फळा आणि बाके दिसू लागतात. पण येथे तो अर्थ नाही. आपल्या व्याकरणात सामान्यनाम आणि विशेषनाम असा जो भेद आहे, तो येथे पुरेपूर उपयोगी पडतो. 'नदी' हे सामान्यनाम; त्या शब्दाने पाणी, काठ आणि प्रवाह असलेल्या वस्तूची कल्पना उभी राहते, पण त्या कल्पनेत कोणी पाय धुऊ शकत नाही. 'विश्वामित्री' हे विशेषनाम. तिला बडोद्यात पूर येतो. क्लास म्हणजे सामान्यनाम, आणि त्यावरून घडवलेली प्रत्यक्ष वस्तू, म्हणजे इन्स्टन्स, हे विशेषनाम. जावास्क्रिप्टमध्ये 'न्यू' हा शब्द लिहिला की एका नव्या वस्तूचे बारसे होते. दहा वेळा 'न्यू' म्हटले की दहा वस्तू जन्मास येतात. त्यांचा आकार सारखा असतो, पण एकीत लिहिलेले दुसरीत उमटत नाही. पुढील सारे विवेचन या एका वाक्यावर उभे आहे.

आता मॉड्यूल. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या कंपनीत या भाषेचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. पडद्यावरील पानाला थोडी हालचाल द्यावी एवढाच त्या भाषेचा मूळ हेतू होता. साहजिकच मोठ्या आज्ञावलीचे निरनिराळे कप्पे करण्याची सोय तीत नव्हती. पानावर जितक्या फाइली येत, तितक्यांची नावे एकाच चव्हाट्यावर मांडली जात. एका फाइलीत 'यादी' नावाची वस्तू असली आणि दुसऱ्या फाइलीतही कोणी तेच नाव वापरले, की नंतर आलेले नाव आधीच्याला पुसून टाकी. लेखकांनी यावर नाना उपाय योजले. कोणी आपली सारी नावे एका फंक्शनच्या भिंतीआड ठेवीत आणि बाहेर एकच खिडकी उघडी ठेवीत. परंतु हा ज्याच्या त्याच्या शिस्तीचा भाग होता. भाषेचा नियम नव्हता.

२००९ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी रायन डाल यांनी नोड ही प्रणाली पुढे आणली, आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या बाहेर, सर्व्हरवर, नीट चालू लागली. त्याच वर्षी केव्हिन डँगूर यांच्या पुढाकाराने कॉमनजेएस ही कप्प्यांची पद्धत आकारास आली आणि नोडने तिचा स्वीकार केला. तीत प्रत्येक फाइल हा स्वतंत्र कप्पा असतो आणि दुसऱ्या कप्प्यातील वस्तू 'रिक्वायर' या शब्दाने मागवावी लागते. पुढे २०१५ साली एक्मास्क्रिप्टची, म्हणजे या भाषेच्या प्रमाण व्याकरणाची, सहावी आवृत्ती निघाली. तिने 'क्लास' ही रचना आणि 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट' ही मॉड्यूलची रचना अशी दोन्ही दाने एकदमच दिली. सामान्यनाम आणि कप्पा यांची सांगड अधिकृतपणे तेव्हापासून पडली.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या मराठी वाचनालयासाठी आज्ञावली लिहावयाची आहे असे समजा. तिच्या तीन फाइली आहेत: पहिली पुस्तकांच्या देवघेवीची, दुसरी वर्गणीची, तिसरी पडद्यावर यादी दाखविणारी. चौथ्या फाइलीत 'नोंदवही' नावाचा क्लास आहे. नवशिका लेखक हा क्लास 'एक्स्पोर्ट' करतो, आणि उरलेल्या तिन्ही फाइलींत तो आणवून प्रत्येक ठिकाणी 'न्यू नोंदवही' असे लिहितो. त्याची समजूत अशी, की चौथी फाइल एक असल्यामुळे वहीही एकच मिळाली. प्रत्यक्षात एकच मिळाले ते सामान्यनाम. वह्या तीन झाल्या. देवघेवीच्या खिडकीवर कादंबरी सभासदाच्या हाती गेली, तिची नोंद पहिल्या वहीत झाली; यादी मात्र तिसरी वही पाहून ती कादंबरी कपाटातच असल्याचे सांगत राहिली. वर्गणीचा कारकून दुसरी वही उघडून बसला आहे आणि तीत एकही नाव नाही. तिघांपैकी कोणीही बेरजेत चुकलेला नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो याच रीतीने; दोन्ही घरे आपापल्या परीने बरोबर असतात.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. 'न्यू' हा शब्द एकदाच, त्या चौथ्या फाइलीतच उच्चारावा. तेथेच 'कॉन्स्ट वही = न्यू नोंदवही' असे लिहून क्लासऐवजी ती घडलेली वही 'एक्स्पोर्ट' करावी. मग ज्याला हवी त्याने ती 'इम्पोर्ट' करावी. यात भाषेचा एक नियम आपल्या मदतीला येतो. मॉड्यूल कितीही फाइलींनी मागवले तरी त्यातील मजकूर एकदाच अमलात येतो, पहिल्या वेळी. दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या मागणीला तयार झालेलीच वस्तू दिली जाते. आज्ञावली चालविणारे यंत्र प्रत्येक मॉड्यूलच्या पत्त्यापुढे त्याची नोंद ठेवते. पत्ता आधीच नोंदलेला असला तर फाइल पुन्हा वाचीत नाही. नोडमधील 'रिक्वायर'चीही रीत अशीच आहे. तेथे फाइलीचा पूर्ण मार्ग हीच नोंदीची खूण असते. तीन फाइलींना मिळालेली वही आता खरोखरीच एक होते. एकीने लिहिलेले उरलेल्या दोघींना त्याच क्षणी दिसते.

'इम्पोर्ट'चा आणखी एक बंधनकारक गुण सांगण्याजोगा आहे. मागवून घेतलेले नाव वाचण्यापुरतेच असते. देवघेवीची फाइल त्या वहीत नोंद करू शकते. परंतु ती वही उचलून तिच्या जागी स्वतःची दुसरी वही ठेवू शकत नाही. तसे केल्यास यंत्र तत्काळ चूक दाखविते. वहीच्या आतील पानांवर कोणी वाटेल तशी खाडाखोड करू नये असे वाटत असेल, तर २०२२ सालच्या आवृत्तीपासून क्लासमधील काही माहिती खासगी ठेवण्याची सोय प्रमाण झाली आहे. नावाच्या आधी जाळीसारखे ते परिचित चिन्ह लिहिले की ती माहिती क्लासच्या बाहेरून दिसतही नाही. मग बाहेरच्यांनी 'नोंद कर', 'रद्द कर', 'शोध' अशी ठरलेली कामेच सांगावयाची. जुन्या पेढीवर वही मुनीमच्या हाती असे आणि मालकाचा मुलगासुद्धा स्वतः लेखणी चालवीत नसे, त्यातलाच हा प्रकार.

कधी कधी वही आधीच उघडून ठेवणे शक्य नसते. तिला लागणारी माहिती, उदाहरणार्थ डेटाबेसचा पत्ता, आज्ञावली सुरू झाल्यानंतर कळते. अशा वेळी वहीऐवजी वही देणारे एक फंक्शन 'एक्स्पोर्ट' करतात. पहिल्यांदा मागणी आली की ते वही घडविते आणि जवळ ठेवते. पुढे तीच देते. येथे एक बारीक खड्डा आहे. वही घडण्यास वेळ लागत असेल, तर पहिल्या मागणीचे काम अपुरे असतानाच दुसरी मागणी येते. वही अजून तयार नाही असे पाहून फंक्शन दुसरी घडवावयास घेते, आणि एकाच्या दोन होतात. यावर तोड अशी, की तयार वहीची वाट न पाहता तिच्याविषयीचे वचनच जवळ ठेवावे. या भाषेत पुढे मिळावयाच्या वस्तूला 'प्रॉमिस', म्हणजे वचनच म्हणतात. दुसऱ्या मागणाऱ्याच्या हाती तेच वचन ठेवले की दोघेही एकाच वस्तूची वाट पाहतात.

येथवर सर्व सुखाचे वाटते. परंतु एकपणाची ही हमी पत्त्याच्या एकपणावर अवलंबून आहे, हे विसरता कामा नये. ब्राउझरमध्ये एका ठिकाणी फाइलीचा साधा पत्ता लिहिला आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच पत्त्याला प्रश्नचिन्ह लावून आवृत्तीचा आकडा जोडला, तर यंत्राच्या दृष्टीने ती दोन मॉड्यूले झाली. फाइल एक, वह्या दोन. रोमन लिपीत लहान आणि मोठी अक्षरे असतात, त्यांतूनही असाच घोटाळा होतो. काही संगणक फाइलीच्या नावातील लहानमोठ्या अक्षरांत भेद मानीत नाहीत. त्यामुळे दोन्ही तऱ्हांनी लिहिलेल्या नावाला तीच फाइल मिळते. नोडच्या नोंदीत मात्र ती दोन निराळी नावे म्हणून राहतात आणि मजकूर दोनदा अमलात येतो. टपालात 'वाडी' आणि 'वाडि' यांत पोस्टमन भेद करीत नाही; दफ्तरातील कारकून करतो.

दुसरे कारण तयार पॅकेजांचे. मोठ्या आज्ञावलीत शेकडो तयार पॅकेजे आणलेली असतात, आणि प्रत्येकाच्या पोटात आणखी पॅकेजे असतात. दोघांना एकाच पॅकेजच्या निराळ्या आवृत्त्या हव्या असल्या, की त्या पॅकेजच्या दोन प्रती डिस्कवर येऊन बसतात. दोन्हींत 'नोंदवही' नावाचा क्लास असतो, अक्षरन् अक्षर सारखाही असू शकतो. पण एकीवरून घडलेली वस्तू दुसरीला ओळख देत नाही. 'ही वस्तू या क्लासची आहे काय' असे 'इन्स्टन्सऑफ' या शब्दाने विचारले, तर उत्तर नकारार्थी येते. तेच पॅकेज एका फाइलीने 'रिक्वायर'ने आणि दुसरीने 'इम्पोर्ट'ने मागवले, आणि पॅकेजकर्त्याने दोन पद्धतींसाठी दोन निराळ्या फाइली दिल्या असल्या, तर तेथेही दोन प्रती उभ्या राहतात. अशा वेळी लेखक आपल्या ओळी पुनःपुन्हा तपासतो आणि दोष सापडत नाही. कारण दोष त्या ओळींत नसतोच.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. मॉड्यूलमधील वस्तू एक असते ती चालू असलेल्या एका प्रक्रियेच्या स्मृतीपुरती. ब्राउझरच्या दोन टॅबांत तेच पान उघडले की वह्या दोन. सर्व्हरवर भार वाढला म्हणून नोडच्या चार प्रक्रिया चालू केल्या की वह्या चार. प्रक्रिया बंद पडली की वही गेली. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून आमच्या बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जे जाळे उभारले, त्यात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. एका गावच्या पेटीतील पुस्तक कोणी नेले, हे दुसऱ्या गावच्या पेटीला कळण्याचा काही मार्ग नसतो. त्यासाठी पेटीबाहेर एक कायमचे दफ्तर लागते. आज्ञावलीत ते स्थान डेटाबेसचे आहे. जी नोंद सर्वांसाठी आणि उद्यासाठी एक असावी लागते, ती मॉड्यूलच्या भरवशावर सोडता येत नाही.

परस्परावलंबनाचाही एक शब्द. देवघेवीची फाइल वर्गणीच्या फाइलीला मागवते आणि वर्गणीची फाइल उलट देवघेवीला, असा फेरा पडला म्हणजे दोघींपैकी एकीला दुसरी अपुऱ्या अवस्थेत मिळते. कॉमनजेएसमध्ये अर्धवट भरलेली वस्तू हाती येते. नव्या पद्धतीत, सिद्ध होण्यापूर्वीच 'कॉन्स्ट' नावाला हात लावल्याबद्दल यंत्र चूक दाखवून थांबते. कचेरीत एका टेबलाची सही दुसऱ्या टेबलाच्या सहीवाचून होत नाही आणि दुसऱ्याची पहिल्यावाचून होत नाही, त्या प्रकरणाचे जे होते तेच येथे होते. सामाईक वही तिसऱ्या, कोणावरही अवलंबून नसलेल्या फाइलीत ठेवली की फेरा तुटतो.

एकाच्या दोन झाल्याने होणारे हे घोटाळे त्रासदायक असले, तरी ते बहुधा लवकर ध्यानात येतात. याच्या उलट, जेथे प्रत्येकाची वही निराळी हवी तेथे एकच ठेवल्याने होणारा अनर्थ भयंकर असतो, कारण तो गर्दीच्या वेळीच प्रकट होतो. २०२३ साली आमच्या शाळेतील एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी भरीत होती. नाव, गुण, आईचे नाव ही माहिती तिने नीट भरली. आम्ही स्वतः शेजारी बसून ती ताडून पाहिली होती. 'पुढे' ही कळ दाबल्यावर पडद्यावर तिच्या नावाखाली कोणा परगावच्या मुलाचा बँकेचा खातेक्रमांक दिसू लागला. तिने पान पुन्हा उघडले तेव्हा सर्व ठीक दिसले. अर्ज स्वीकारल्याची पोचही मिळाली. तीन महिन्यांनी कळले, की मंजूर झालेली रक्कम तिच्या खात्यात आलेली नाही. संबंधित कचेरीचे लेखी उत्तर असे होते, की खातेक्रमांक विद्यार्थिनीनेच चुकीचा भरला.

ती मुलगी वर्गात मान खाली घालून बसू लागली. तिच्या आईने पुस्तकांसाठी शेजारणीकडून पैसे उसने घेतले होते, ते फेडण्याची मुदत निघून गेली. घरात 'तुझ्या हातून काय दाबले गेले?' हा प्रश्न रोज विचारला जाई. आम्ही पाच पत्रे लिहिली. शेवटी आज्ञावली दुरुस्त करणाऱ्या मंडळींपैकी एका सज्जनाने खरे कारण सांगितले. सर्व्हरवरील एका मॉड्यूलमध्ये 'चालू अर्जदार' नावाची एकच सामाईक वस्तू होती. अर्ज कोणाचाही असो, माहिती काही क्षण तिच्यातच ठेवली जाई.

यातील यंत्रणा नीट समजून घेण्यासारखी आहे. नोडची एक प्रक्रिया शेकडो माणसांची कामे एकाच वेळी हाताळते. ती एकाचे काम पूर्ण करून मग दुसऱ्याचे घेते असे नाही. जेथे डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहावी लागते, तेथे पहिले काम बाजूस ठेवून दुसरे पुढे घेते. पहिल्या अर्जदाराची माहिती सामाईक वस्तूत लिहिली, डेटाबेसला प्रश्न विचारला, आणि उत्तर येईपर्यंतच्या त्या निमिषात दुसऱ्या अर्जदाराने 'पुढे' दाबले. त्याची माहिती त्याच वस्तूत पहिलीवर लिहिली गेली. पहिल्याचे उत्तर परत आले तेव्हा वही उघडली, तर तीत दुसऱ्याचा खातेक्रमांक. एकटा लेखक आपल्या खोलीत बसून चाचणी घेतो तेव्हा हे घडत नाही, कारण मध्ये शिरणारा दुसरा कोणी नसतो. शेवटच्या दिवशी, जेव्हा गरीब घरची मुले एकदमच अर्ज भरतात, तेव्हाच ते घडते. मुलीचा दोष नव्हता. ते पत्र आम्ही तिच्या आईवडिलांना शाळेत बोलावून, वर्गापुढे नव्हे तर त्यांच्यापुढे, मोठ्याने वाचून दाखविले. रक्कम चार महिने उशिरा आली.

तेव्हा सामाईक काय ठेवावे? ज्या वस्तूत कोणा एका माणसाचे काही नाही, अशाच वस्तू. आज्ञावलीची ठरलेली मांडणी, घडलेल्या गोष्टींची रोजनिशी लिहिणारा लेखनिक, डेटाबेसशी जोडलेल्या तारांचा संच या वस्तू एकच असाव्यात. प्रत्येक फाइलीने स्वतःच्या तारा ओढल्या तर डेटाबेसचीच दमछाक होते. परंतु ज्या वस्तूचे वर्णन करताना 'कोणाचा' हा शब्द उच्चारावा लागतो, मग तो अर्ज असो, टोपली असो की ओळखपत्र असो, ती सर्व्हरवरील मॉड्यूलमध्ये कधीही ठेवू नये. मागणी आली की नवी घडवावी आणि काम संपताच टाकून द्यावी. बारभाईचा कारभार हा शब्दप्रयोग आपण अव्यवस्थेसाठी वापरतो. एकाच वस्तूत अनेकांनी ज्याला त्याला हवे ते लिहावे आणि कोणी कोणाला सांगू नये, ही त्या कारभाराची नवी आवृत्ती होय.

जाणते लेखक याहून एक पाऊल पुढे जातात. फाइलीने लागणारी वही स्वतः जाऊन आणण्याऐवजी तिच्या हाती ती बाहेरून द्यावी, अशी त्यांची रीत असते. आज्ञावलीच्या मुख्य फाइलीत, आरंभीच, वही घडवावी आणि देवघेव, वर्गणी, यादी यांना ती सोपवावी. कोणाकडे काय आहे हे एका ठिकाणी वाचता येते. चाचणीच्या वेळी याचा लाभ मोठा. सामाईक वही मॉड्यूलमध्ये दडलेली असली, तर पहिल्या चाचणीने केलेल्या नोंदी दुसऱ्या चाचणीला उष्ट्या पानासारख्या मिळतात; दुसरी एकटी चालवली तर उत्तीर्ण, पहिलीमागून चालवली तर अनुत्तीर्ण. वही हाती देण्याची पद्धत असली की प्रत्येक चाचणीला कोरी वही देता येते.

गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी १९९४ साली आज्ञावलींच्या रचनाबंधांवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यातील तेवीस रचनाबंधांपैकी एक 'सिंगलटन', म्हणजे जिची एकच प्रत असते अशी वस्तू, हा आहे. इतर भाषांत त्यासाठी थोडी खटपट करावी लागते. जावास्क्रिप्टमध्ये मॉड्यूलच्या नियमामुळे ते जवळजवळ फुकट मिळते. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत विचारण्याची सवय माणसाला नसते, म्हणूनच हा विषय येथे विस्ताराने मांडावासा वाटला.

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी या व्यवसायात असेल, तर जावास्क्रिप्टचे एकही अक्षर न शिकता आईवडिलांना तीन प्रश्न विचारता येतील. तू ठेवलेली ही वही कोणाची आहे? ती किती वेळ जगते? तीत लिहिण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे? पहिल्या प्रश्नाला 'सर्वांची', दुसऱ्याला 'आज्ञावली चालू आहे तोवर', आणि तिसऱ्याला 'एकाचाच, बाकीचे वाचतात' अशी उत्तरे आली तर वही सामाईक ठेवण्यास हरकत नाही. उत्तर देताना तो क्षणभर थांबला, तर त्याला जेवणानंतर संगणकाशी परत बसू द्यावे. आमटी पुन्हा गरम करता येते.

पुढील अंकी, डेटाबेसमध्ये दोन हात एकाच नोंदीवर एकदम पडले तर काय होते, याचा विचार करू.